तळ्यावरची विरळणी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे माझ्या सासरी घडलंय. माण तालुक्यात, आमच्या शेततळ्यावर, मागच्या पौष अमावास्येच्या पहाटे.

आणि अजून थांबलेलं नाही.

माझे सासरे नानासोमामा यांनी तळ्यात चिलापी सोडली होती. हा मासा म्हणजे नुसती हरळी. पिलांवर पिलं. म्हणून मामा दर आठवड्याला जाळं टाकायचे. बारकी पिलं काढायची, मोठे मासे परत पाण्यात. "विरळलं तरच पोसतं. कांदा असू दे न्हाईतर मासा," म्हणायचे.

मामा गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भावकी ताटकळली. माझा नवरा जयराज रडकुंडीला आला आणि हात जोडून वडलांना बोलून गेला, "तात्या, तुमच्या माशास्नी आमी कवाच हात लावणार न्हाई!"

कावळा झपकन शिवला.

झालं! शब्द दिला तो दिला. जाळं कोठीत कुलूपबंद, किल्ली माझ्याजवळ. तळ्यात मासे मावेनात. पहाटे सगळे वर तोंडं काढून हवेसाठी तडफडायचे. चप चप चप... मला ते ऐकवत नसे.

त्या अमावास्येला तळ्यावर गेले, तर...

आवाजच नाही.

पाण्यावर एकही तोंड नाही. बांधावर मात्र बारक्या चिलापीचा ढीग. काही अजून हलत होत्या. मोठा मासा त्यात एकही नव्हता.

धावत घरी आले. कोठीचं कुलूप जागच्या जागी. उघडून बघितलं...

जाळं ओलं होतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ढीग. त्याच्या पुढच्याही.

मी जयराजला फैलावर घेतलं. "आवं, तुमच्या शब्दापायी मामा अडकल्यात. आपण जाळं टाकू, म्हंजी सुटतील तरी." तो कसाबसा तयार झाला. जाळं कोठीतून बाहेर काढलं.

पण सासूबाई जाळ्यावर फतकल मारून बसल्या. उठेनात.

"आवं आत्या, त्यांचा जीव घुटमळतोय."

"घुटमळू दे की गं," आत्या म्हणाल्या. "तेवढंच येत्यात त्ये."

मला रडू आलं. आणि पहिल्यांदा आत्यांची भीती वाटली.

जाळं आम्ही टाकलं नाही. आता ढिगाच्या दिवशी आत्या पहाटेच चहा घेऊन तळ्यावर जातात. कपबशी रिकामी घेऊन येतात.

यंदा वळीव झाला नाही. तळ्याचा तळ दिसायला लागलाय. मासे संपतील. परवा मी हळूच विचारलं, "तळं आटल्यावर वं, आत्या?"

आत्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"मग घरीच येतील की."

तेव्हापासून मी मागच्या दाराला आतून कडी घालून झोपते.

सकाळी ती काढलेली असते...

आत्याच काढत असतील. मी अजून विचारलेलं नाही.