आडवी करा, हुकूम आहे!

साहेब, आंबळी पठारावरचं आकाशमापन केंद्र तुम्ही न बघताच बंद केलंत. गाडीतून उतरलासुद्धा नाहीत. काच खाली करून विचारलंत, "इथे काय करतात?" कोणीतरी म्हणालं, "आयनांबर मोजतात." तुम्ही म्हणालात, "उपग्रह असताना ते कशाला?" आणि काच वर केलीत. महिन्याभरात दाराला कुलूप लागलं. त्या कुलपापायी एकशे पाच माणसं जीव गमावता गमावता वाचली. ती कशी वाचली ते मुलांनो, तुम्ही वाचा. साहेबांना सवड झाली तर त्यांनीही वाचावं.

साल २०४१, ऑगस्ट महिना. आंबळीच्या शाळेत सातवीच्या वर्गातले बाक भिंतीला लावून लष्कराने आपलं ठाणं मांडलं होतं. फळ्यावर नकाशा, गुरुजींच्या टेबलावर बिनतारी संच. खाली केवणी नदीच्या खोऱ्यात निवळी नावाचं गाव दरडींमुळे तुटलं होतं. तिथल्या त्रेसष्ट माणसांना वर आणायला एक्केचाळीस जवान दोन दिवसांपूर्वी उतरले होते. वाट दाखवायला कोंडीबा ढेबे गेले होते. ते केतकीचे बाबा. केतकी याच वर्गात शिकायची, आणि आता याच वर्गाच्या दारात ठाण मांडून बसली होती.

"बाळ, घरी जा," असं कर्नल यशोधन नलावडे तिला तीनदा म्हणाले.

"माझा वर्ग आहे," केतकी म्हणाली, "आणि माझे बाबा खाली आहेत. मी नाही जाणार."

चौथ्यांदा म्हणायला त्यांच्यापाशी वेळच नव्हता. बारा वाजता उपग्रहाने ढगांच्या पलीकडून काढलेलं चित्र आलं होतं. निवळीच्या वरच्या अंगाला डोंगर कोसळून नदी अडली होती आणि मागे मोठं तळं साठत होतं. मातीचा तो बांध संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हता. आणि ठरल्याप्रमाणे सुभेदार बाळाराम ठोंबरे अडीच वाजता सगळ्यांना घेऊन निघणार होते, तेही नदीकाठच्या वाटेने. दुसरी वाट कड्यावरची. ती लांबची आणि अवघड, पण पाण्यापासून उंच होती.

"नदी सोडा, कड्याने या." सांगायचं होतं ते एवढंच. पण सांगायचं कसं? जवानांशी बोलणं व्हायचं ते 'घार' नावाच्या विमानामार्फत. हे बिनमाणसाचं विमान खोऱ्यावर घिरट्या घालायचं आणि खालचा आवाज वर, वरचा खाली पोचवायचं. सकाळच्या वादळात घार कोसळली. उपग्रह-फोन दिला होता तो एकच, आणि तो काल नाला ओलांडताना वाहून गेला होता. हेलिकॉप्टर ढगात उडेना. चालत जायला सहा तास.

उरला होता एक जुना बिनतारी संच. तसाच एक जवानांबरोबरही होता. नियम असा होता की बाकी सगळं बंद पडलं, तर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं दोघांनी एकमेकांना हाक द्यायची. एक वाजता संदेशवाहक नाईक सलीम मुल्ला हाका मारून दमला. निवळीहून चकार शब्द आला नाही. आणि अचानक संचातून खणखणीत आवाज आला.

"आंबळी, आंबळी, आम्ही गस्तीची बोट बोलतोय. तुमचा आवाज स्वच्छ ऐकू येतोय. काही मदत हवी?"

बोट होती भर समुद्रात, सातशे किलोमीटरवर!

कर्नल मुल्लाकडे बघत राहिले. "सातशे किलोमीटरवर ऐकू जातं आणि बारा किलोमीटरवर नाही? मुल्ला, संच बिघडलाय का?"

"साहेब, बिघडला असता तर बोटीला तरी कसं ऐकू गेलं असतं?" मुल्ला म्हणाला. "अँटेना अजून उंच करतो. आणखी एक नळी जोडतो."

केतकी ताडकन उठली. हे कोडं तिने ऐकलं होतं. कोड्याला नावही होतं.

"मुका पट्टा!" ती ओरडली. "काका, तो मुका पट्टा आहे! उंच नका करू, थांबा. मी आत्याला आणते." आणि ती पळालीसुद्धा.

शेवंताआत्या म्हणजे कोंडीबांची थोरली बहीण. बंद पडलेल्या त्या केंद्रात ती झाडू मारायला लागली, आणि बघता बघता तिथलं यंत्र चालवायला शिकली. कोणी शिकवलं नाही, पदवी नाही. तीस वर्षं रोज ती सरळ आभाळात एक लहर सोडायची आणि तिचा प्रतिध्वनी किती वेळात परत येतो ते वहीत लिहायची. केंद्राला कुलूप लागलं त्या दिवशी तिला निरोपाचा नारळही कोणी दिला नाही.

आत्या आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. शाळेच्या छपरावर ताठ उभी असलेली अँटेना बघून तिने कपाळावर हात मारला.

"ही अशी भाल्यासारखी कोणी उभी केली?"

"मी," मुल्ला म्हणाला. "आमच्यात अशीच करतात, ताई. अँटेना ताठ पाहिजे. जरा वाकडी दिसली की मैदानाला दहा फेऱ्या."

"कवायतीला ठीक आहे," आत्या म्हणाली. "पण लहरीला कवायत कळत नाही."

"बाई, माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत," कर्नल म्हणाले. "मला पटेल असं सांगा."

"केतके, खेळाच्या खोलीतली रबरी रिंग आण. आणि फूटपट्टी."

आत्याने फूटपट्टी टेबलावर उभी धरली आणि रिंग तिच्यात ओवून मधोमध धरली. "ही पट्टी म्हणजे तुमची अँटेना. ही रिंग म्हणजे तिच्यातून निघणाऱ्या लहरी. बघा, चहूबाजूंना भरपूर. आणि डोक्यावर?"

"भोक," केतकी म्हणाली.

"भोक! म्हणजे उभी अँटेना आडवं आडवं फेकते, वर काहीच नाही. आता जमिनीलगत गेलेल्या लहरी समोरच्या डोंगरावर आपटून मेल्या. थोड्या तिरक्या गेल्या त्या पार आयनांबरापर्यंत पोचल्या."

"आयनांबर?" कर्नलनी विचारलं.

ते केतकीने सांगितलं. आयनांबर (जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरचा विरळ हवेचा थर) सूर्यामुळे तयार होतं. सूर्याचे प्रखर किरण तिथल्या हवेच्या कणांमधून इलेक्ट्रॉन (विजेचा भार असलेले अतिसूक्ष्म कण) सुटे करतात. ही सुट्या कणांची गर्दी रेडिओलहरीला वाकवते आणि खाली परत पाठवते. पण सगळ्याच लहरींना नाही. फार भरभर थरथरणारी लहर त्या गर्दीतून आरपार निघून जाते. जवानांच्या हातातल्या छोट्या संचांची लहर तशीच, म्हणून ते इथे कुचकामी. सावकाश थरथरणारी लहर मात्र परत येते.

"बरोबर," आत्या म्हणाली. "तुमच्या तिरक्या लहरी तिथून वाकल्या आणि पार समुद्रात उतरल्या. बोटीला ऐकू गेलं. मधल्या पट्ट्यात काय पडलं? ना जमिनीवरची लहर, ना आभाळातली. तो मुका पट्टा (जिथे कुठलीच लहर पोचत नाही असा मधला भाग). निवळी त्या पट्ट्यात बसलंय. तुम्ही अँटेना जेवढी उंच न्याल, तेवढं लांब ऐकू जाईल. जवळ नाही."

"मग उपाय?"

"केतके, तू सांग. भिंतीपलीकडच्या झाडाला पाणी घालायचंय आणि हातात पाण्याचा पाइप आहे."

"पाइप भिंतीकडे धरला तर पाणी भिंतीवर आपटेल," केतकी म्हणाली. "सरळ आभाळाकडे धरला, की पाणी वर जाऊन भिंतीच्या दोन्ही बाजूंना पडेल."

कर्नलनी आत्याच्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतःच आडवी केली. रिंग उभी राहिली. तिची कड थेट छताकडे गेली.

"आडवी," ते हळूच म्हणाले. "म्हणजे लहर सरळ वर जाईल, आणि डोंगर असो नसो, वरून खोऱ्यात पडेल."

"देवासारखे बोललात!" आत्या म्हणाली. "आणि तार उंच नको. पुरुषभर उंचीवर पुरे. खालची ओली जमीनच तिला वर ढकलेल. लहर कोणती ठरलीय?"

मुल्लाने आदेशाचा कागद बघितला. "दिवसासाठी सहा पूर्णांक चार मेगाहर्ट्झ (सेकंदाला चौसष्ट लाख हेलकावे)."

"ज्याने हे ठरवलं त्याचं भलं होवो," आत्या म्हणाली. "दुपारी आयनांबर हीच लहर झेलतं. तीस वर्षं तेच लिहिलंय मी."

संचाबरोबर तारेची एक पिशवी होती. तिचं सील कोणी फोडलंच नव्हतं. मुल्लाने दाताने फोडलं. व्हॉलीबॉलचे दोन खांब आणि चिंचेचं झाड यांच्यामध्ये बावीस-तेवीस मीटर तार ताणली, मधोमध संचाची जोडणी केली. एक टोक केतकीने स्वतः चिंचेला बांधलं. ताठ अँटेनाची सवय असलेल्या जवानांना ते कपडे वाळत घालायच्या दोरीसारखं दिसलं, आणि एकजण तसं म्हणालाही.

दोन वाजले.

"निवळी, निवळी, आंबळी बोलतोय. नदी सोडा, कड्याने या. ऐकू येतंय का?"

नुसती खरखर. मुल्लाने पुन्हा हाक दिली. पुन्हा खरखर. केतकीच्या डोळ्यांसमोर नदीकाठची वाट आली, आणि त्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे चालणारे बाबा. तिने आत्याचा पदर घट्ट धरला.

"थांब," आत्या पुटपुटली. तिने कान संचाला लावला. "खरखर मध्येच बदलतेय. ऐक... आता. कोणीतरी बोलतंय, पण फार बारीक. त्यांनी आपलं ऐकलंय!"

"मग मोठ्याने का नाही येत?" मुल्लाने विचारलं.

उत्तर केतकीला सुचलं. "कारण त्यांची अँटेना अजून ताठ आहे! आपला संच दांडगा, म्हणून आपलं त्यांना कसंबसं ऐकू गेलं. त्यांचा संच पाठीवरचा, लहान. त्यात उभी अँटेना. सगळं बाजूच्या कड्यावर आपटतंय. त्यांना म्हणावं, आडवी करा!"

दोन वाजून तीन मिनिटं झाली होती. मुल्लाने माइक तोंडाशी नेला आणि तो अडखळला. सुभेदार ठोंबरेंना अँटेना वाकवा म्हणायचं? त्यांनीच त्याला एकदा तिच्यापायी दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

कर्नलनी माइक घेतला. "ठोंबरेसाहेब, नलावडे बोलतोय. अँटेना जमिनीला समांतर वाकवून बांधा. आडवी करा. हुकूम आहे!"

खरखर. खरखर. आणि मग वर्गभर घुमला एक घोगरा, धापा टाकणारा, अत्यंत नाराज आवाज.

"आडवी केली, साहेब. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मुल्ला हसत असेल तर त्याला सांगा, मी परत येतोय."

मुल्ला हसत नव्हता. तो डोळे पुसत होता.

"नदीने येऊ नका, ठोंबरेसाहेब. वर तळं साठलंय. कड्याने या, आत्ता निघा."

"कड्याने, आत्ता. समजलं. कोंडीबा म्हणतायत वाट त्यांना ठाऊक आहे. आणि म्हणतायत, केतकीला सांगा मी ठीक आहे."

पाच वाजायला आले तेव्हा बांध फुटला. त्याचा आवाज पठारावर ऐकू आला. पाण्याने नदीकाठची वाट खरवडून नेली. त्या वेळी एकशे पाच माणसं कड्याच्या निम्म्यावर, पाण्यापासून दीडशे मीटर उंच, एका कपारीत बसून कोरडे चणे खात होती.

दुसऱ्या दिवशी सगळे वर आले. बाबांनी केतकीला उचललं, ते बराच वेळ खाली ठेवलंच नाही. सुभेदार ठोंबरे शाळेच्या अंगणात तारेखाली जाऊन उभे राहिले, तिच्याकडे खालून वर बघितलं, आणि मग आत्यापुढे येऊन त्यांनी कडक सलाम ठोकला.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले?" आत्या म्हणाली. "सूर्याचे माना, त्याने एवढं मोठं छत फुकट घालून ठेवलंय. कागदावर ती लहर लिहिणाऱ्याचे माना. मुल्लाचे माना, त्याने एका झाडूवालीचं ऐकलं. आणि या पोरीचे माना. मी तर घरात भाकऱ्या थापत होते."

केतकीला वाटलं, आभार मानायला सुरुवात केली तर दिवस पुरणार नाही. निवळीच्या एका म्हातारबाबांनी तर चिंचेच्या झाडालाही नमस्कार केला, आणि कोणी हसलं नाही.

कर्नलनी अहवाल लिहिला. आत्याचं पूर्ण नाव लिहिलं, केतकीचंही. शेवटचं पान कोरं ठेवून ते केतकीपुढे सरकवलं. "हा वरपर्यंत जाणार आहे. तुला काही सांगायचंय?"

केतकीने पेन घेतलं. आधी तिने सगळ्यांचे आभार मानले, त्यात पाऊण पान गेलं. मग खाली तिने लिहिलं:

"माझी आत्या एकसष्ट वर्षांची आहे. तिला जे येतं ते आता या डोंगरात दुसऱ्या कोणालाच पूर्ण येत नाही. ते शिकायला तुम्ही कोणाला पाठवताय? कोणी नसेल तर आम्ही सातवीतले अकरा जण तयार आहोत, फक्त आम्हाला एक संच आणि परवानगी लागेल. देताय की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा, पण खाली तुमचं नाव घालून लिहा."