कात्रीचा पत्ता

"बाबा, पहिली चिठ्ठी तुम्हीच वाचायची हं," असं म्हणत सूनबाईने सासऱ्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरातल्या मोठ्या फळीसमोर उभं केलं, आणि पडद्याच्या कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन नुकत्याच दारात आलेल्या थोरल्या लेकीच्या काळजात चर्र झालं...

फळी कशी नुसती झळकत होती! थोरली पडद्यांची मापं घ्यायला गिऱ्हाइकाकडे गेली काय आणि सूनबाईने पदर खोचून सगळं घर उपसून काढलं काय! एका मापाच्या बरण्या, शाळेतल्या मुलींसारख्या ओळीत उभ्या, आणि प्रत्येकीच्या पोटावर पांढरी चिठ्ठी. सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला होती. चिठ्ठीशिवाय बाटली ठेवली तर तिथे कुणाच्या तरी जिवाशी गाठ, म्हणून तिला घरातही चिठ्ठीवाचून चैन पडायची नाही. शिवाय हे सगळं तिने सासऱ्यांना आवडावं म्हणूनच केलं होतं. कारण घरातली पत्त्यांची बोली मुळात त्यांचीच होती.

बाबांनी उभा जन्म टपालखात्यात पत्रं वेगळी करण्यात घालवला होता. अक्षर कोंबडीच्या पायांचं असो की पावसाने पुसलेलं, बाबांच्या हातातून पत्र आपल्या खणात जायचं म्हणजे जायचंच. त्यामुळे या घरात "कात्री कुठे आहे?" असं कुणी कधी विचारलंच नाही. "कात्रीचा पत्ता काय?" असंच विचारायचं. मोजा हरवला की तो बेपत्ता, कुणाचा ते कळेना की बेवारस. एकदा थोरलीचा भाऊ, म्हणजे सूनबाईचा नवरा, लहानपणी जत्रेत... नाही, बाजारात हरवला होता, तेव्हासुद्धा बाबा त्याला कडेवर घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, "घे, चुकीच्या पत्त्यावर गेला होता."

तर त्या बाबांनी आज पहिला पत्ता वाचायचा होता. आणि बाबांना तो वाचता येणार नव्हता.

हे जगात फक्त थोरलीला ठाऊक होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीच त्यांना घेऊन गेली होती. नजर गेली ती परत यायची नाही, उरली आहे ती थेंब घालून जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. येताना बाबा रस्त्याकडेच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "घरात सांगू नकोस. उद्यापासून मला किटलीला हात लावू देणार नाहीत."

सकाळचा चहा बाबांचा. आई गेल्यापासून घरातल्या प्रत्येकाला उठवायचं ते बाबांच्या चहाच्या वासाने, हा त्या घराचा नेम होता, आणि निवृत्त माणसाला आपण अजून कुणाला तरी हवे आहोत हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती... थोरलीने "नाही सांगत" म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिने घर डोळ्यांसाठी न लावता हातांसाठी लावलं.

साखर शेगडीच्या उजवीकडे, चेमटलेल्या झाकणाच्या डब्यात. मीठ पार दुसऱ्या टोकाला, बुटक्या चिनीमातीच्या बरणीत, म्हणजे चुकायला वावच नको. गाळणी दोरीला टांगलेली. कात्री दाराच्या चौकटीला, हात सहज पोचेल अशा खिळ्यावर. स्टूल कोपऱ्यातून हलवायचं नाही, चप्पल वाटेत काढायची नाही. बाबांचे हात अंधारातल्या नदीसारखे आपल्या वाटेने बरोबर जायचे! पण बघणाऱ्याला ते सगळं विचित्रच दिसायचं. शेगडीला चिकटून डबा काय, चौकटीला कात्री काय! थोरलीला गबाळी म्हणून सगळ्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. भाऊ तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की आमच्या ताईचा कारभार म्हणजे निव्वळ आंधळी कोशिंबीर. त्यावर बाबाच सगळ्यांत मोठ्याने हसायचे, आणि थोरली मान खाली घालून टीप मारत राहायची...

मुळात तिच्या मालकीचं होतंच काय? भावाचं लग्न ठरलं तेव्हा तिने आपली खोली आपण होऊन दिली होती. तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनशेजारी झोपायची. तिच्या साड्या बाबांच्या कपाटात, पुस्तकं भावाच्या, अंथरूण मशीनखाली.

"वाचा ना बाबा," सूनबाई म्हणाली. तिच्या आवाजात इतका उत्साह होता, इतकं प्रेम होतं!

बाबांनी मान जराशी तिरकी केली. चिठ्ठीकडे पाहिल्यासारखं केलं. कानशिलावर घामाचा एक थेंब आला. भाऊ हातात पुसायचा फडका घेऊन कौतुकाने बघत होता.

थोरलीने गठ्ठा खाली टाकला, पुढे झाली आणि टर्रकन ती चिठ्ठी फाडून काढली. मग दुसरी. मग तिसरी.

"मला नाही आवडलं," ती म्हणाली. "माझं होतं तसं लावून दे."

सूनबाईचा चेहरा पाण्यात पडलेल्या कागदासारखा झाला. भाऊ एवढा शांत माणूस, पण बायकोच्या डोळ्यांत पाणी पाहून त्याचाही तोल गेला. तो बरंच बोलला. ती सकाळपासून पाठ मोडून राबली त्याचं काय, असं म्हणाला. गबाळेपणा तो गबाळेपणा आणि वर तोरा, असंही म्हणाला. आणि शेवटी, जे बोलायला नको होतं तेच बोलला.

"ताई, तुला या घरात दुसऱ्या कुणाचा हात चाललेला बघवतच नाही."

थोरलीला खरंच वाटेना. ज्याला खोली दिली, ज्याचा अभ्यास घेतला, तो हे बोलतो? एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं... पण त्या वाक्यात बाबांची किटली होती. ओठ घट्ट मिटून ती खाली वाकली आणि चिठ्ठ्यांचे तुकडे गोळा करू लागली.

"ऊठ गं," बाबा म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. फळीवर ठेवला. एकसारख्या, गुळगुळीत बरण्यांवरून बोटं फिरली, अडखळली, परत फिरली. वाट चुकलेल्या माणसाचे असतात तसे ते हात सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

"सूनबाई, तुझं अक्षर सुरेख असेल. मला ते दिसत नाही. बरण्याही दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतो त्यांच्या जागी." ते जरा थांबले. "ही गबाळी नाही. हिने माझ्या हातांसाठी घर लावलंय. मी तोंड बंद ठेवायला सांगितलं, तिने ठेवलं. तुम्ही आंधळी कोशिंबीर म्हणायचात ना, ती बरोबरच होती. आंधळा मी होतो, आणि माझ्या वाटणीच्या टपल्या ही खात होती."

भाऊ ताईसमोर जमिनीवर बसला आणि चिठ्ठ्यांचे उरलेले तुकडे उचलू लागला. थोरलीने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "ही घे, तुझ्या वाटणीची," ती म्हणाली, आणि मग दोघंही रडता रडता हसायला लागली!

सूनबाईने डोळे पुसले आणि बाबांना एकच प्रश्न विचारला.

"उद्याचा चहा तुम्हीच करणार ना?"

बाबांनी मान डोलावली.

मग काय विचारता! सूनबाई म्हणजे हार मानणारं पाणी नव्हे. चिठ्ठी डोळ्यांनीच वाचायची असते असं कोण म्हणतं, म्हणत तिने थोरलीचा बटणांचा डबा पालथा केला. साखरेच्या झाकणावर मोठं कोटाचं बटण, मिठाला खरखरीत काथ्याची गाठ, चहाला काहीच नाही, कारण त्याचा वास हाच त्याचा पत्ता! जे एकत्र लागतं ते एकत्र ठेवायचं, हा थोरलीचा नियम तिने जसाच्या तसा उचलला. म्हणून किटली, गाळणी आणि कप एका खणात शेजारी आले. रोजचं कमरेच्या उंचीवर, कधीमधीचं वर. एका खोलीतून दुसरीत जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, त्या खोलीची एखादी वस्तू घेऊनच जायचं. आणि दाराशी एक टोपली, बेवारस मालाची: पत्ता न सापडलेलं सगळं तिच्यात टाकायचं, आणि सुटीच्या दिवशी बाबा एकेक वस्तू चाचपून ज्याची त्याला पोचती करणार. बाबांची नोकरी पुन्हा सुरू झाली म्हणा ना!

प्रत्येक वस्तूला पत्ता देता देता एका संध्याकाळी सूनबाईच्या हातात मशीनखालचं अंथरूण आलं. ते छातीशी धरून ती थोरलीकडे आली.

"ताई, तुमचा पत्ता काय?"

थोरली हसली. म्हणाली, माझं काय, मी सगळीकडेच आहे. सूनबाई काही हसली नाही. टोकाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या पंख्यापासून फुटक्या आरशापर्यंत सगळे बेवारस वर्षानुवर्षं ऐसपैस राहत होते, आणि घरची थोरली मशीनशेजारी! नवराबायकोने मिळून ती खोली रिकामी केली, धुतली, खिडकीचं गंजलेलं दार सोडवलं. लोकांच्या खिडक्या सजवण्यात हयात गेलेल्या थोरलीने पहिल्यांदाच स्वतःसाठी पडदा शिवला, पिवळा, मनासारखा झालरीचा.

पहिल्या दिवशी तिने आत जाऊन दाराला कडी लावली. कारण काहीच नव्हतं. नुसता तो आवाज ऐकायचा होता. मग तीच कडी काढली, परत लावली, आणि स्वतःशीच लाजली...

तेवढ्यात बाहेर भिंतीवरून हात घासत येण्याचा ओळखीचा आवाज आला. पावलं दाराशी थांबली. कुणीतरी दारावरून तळवा फिरवला, आणि बाहेरची कडी वाजली.

"टपाल."

तिने दार उघडलं. बाबा ताठ उभे होते, आणि त्यांच्या तळहातावर तिचा चष्मा होता. घरभराचे पत्ते तोंडपाठ असणाऱ्या थोरलीचा चष्मा सकाळपासून बेवारस टोपलीत पडला होता!

"पत्ता बरोबर आहे ना?" बाबांनी विचारलं.

थोरलीने चष्मा घेतला, पण डोळ्यांना लावला नाही. लावून उपयोगच नव्हता, सगळं धूसर झालं होतं.

"बरोबर आहे बाबा," ती म्हणाली. "आत या."