तोबरूची सकाळ

"पडदा आज कालच्यापेक्षा थोडा आधी पडला पाहिजे. थोडाच. घाई केली, तर आजवरची मेहनत मातीत जाईल," खुर्चीवर उभे राहून काळ्या कापडाचे टोक खिडकीवरच्या खिळ्याला अडकवत फौजदार म्हणाली.

फौजदार हे काही तिचे खरे नाव नव्हे. घरात कोणी काय करावे हे ती ठरवीत असे, म्हणून वडिलांनी तिला हे नाव दिले होते आणि तिने ते मानाने मिरवले होते. खाली खुर्ची धरून उभा होता तिचा धाकटा भाऊ. त्याचे नाव शंकासुर का पडले, हे त्याच्याशी दोन वाक्ये बोलणाऱ्याला आपोआप कळे.

"पण त्याला कळतं का, की हा पडदा आहे, संध्याकाळ नाही?" त्याने विचारले.

"तुला तरी कुठे कळतं? सुट्टीत खिडकी बंद असली की दुपारपर्यंत घोरत असतोस."

दोघे सुट्टीसाठी आत्याकडे आले होते. आत्या आणि काकांचे फुलांचे दुकान होते. खाली दुकान, मागे गुच्छ बांधण्याची खोली, तिला लागून फुले ठेवण्याची थंड खोली आणि वरच्या मजल्यावर घर. आत्याच्या लेकीला, सहा वर्षांच्या चिमणीला, वाढदिवसाला एक हॅम्स्टर, म्हणजे उंदरासारखा गुबगुबीत प्राणी, मिळाला होता. दाणे दिसले की दोन्ही गाल फुगेपर्यंत तोबरा भरी, म्हणून त्याचे नाव तोबरू.

चिमणीचे दुःख असे होते की, तोबरू तिचा असूनही तिने त्याची पाठच काय ती पाहिली होती. दिवसभर तो भुशात गोळा होऊन पडे. अंधार चांगला दाटला की उठे, आणि नेमकी त्याच वेळी आत्या चिमणीला अंथरुणात पिटाळी. एकदा तिने त्याला बोटाने ढोसून उठवले, तेव्हा तो कडकडून चावला. आपण त्याला आवडतच नाही, असे म्हणून ती रडत बसली.

"तू आवडत नाहीस असं नाही गं, झोपमोड आवडत नाही त्याला," फौजदारने तिची समजूत घातली होती. "साखरझोपेत तुला कोणी ढोसलं, तर तू काय त्याचा मुका घेशील?"

मग तिने बेत आखला. तोबरूला उठवायचे नाही, त्याची संध्याकाळच अलीकडे ओढायची. रोज पडदा जरासा आधी पाडायचा आणि सकाळी दिवाही जरासा आधी लावायचा, म्हणजे त्याचा दिवस आपोआप सरकेल. आत्याने नाक मुरडले होते. मुक्या जिवाच्या झोपेशी खेळू नये, असे तिचे म्हणणे होते. तरी तिने नको म्हटले नाही. आणि बेत साधत होता! तोबरूचे नाक रोज थोडे आधी भुशातून बाहेर येऊ लागले. आता थोडेच दिवस, मग चिमणी जागी असतानाच तो पिंजऱ्यातल्या चाकावर पळताना दिसला असता.

त्यानंतर मात्र सगळे बिघडले. पडदा पडला तरी तोबरू उठेना. एखाद्या संध्याकाळी उठलाच, तर झिंगल्यासारखा दोन पावले टाकी आणि पुन्हा आडवा होई. शिवाय आणखी काही विचित्र घडत होते. भिंतीकडे असणारी पाण्याची बाटली एका सकाळी दाराकडे दिसली. दुसऱ्या सकाळी भुशात गुच्छात घालतात तसले नेच्याचे हिरवे पान सापडले.

"भूत असेल, तर ते फुलवालं भूत आहे," शंकासुर गंभीरपणे म्हणाला.

फौजदारने आत्याला विचारले, तर पोरांना रिकामपणी काहीही दिसते, असे उत्तर मिळाले. काकांना विचारले, तर त्यांनी उलट तोबरूचीच तक्रार केली. शेजारच्या खोलीत त्याचे चाक रात्रभर कुरकुरते आणि फुलबाजाराला पहाटे जाणाऱ्या माणसाने झोपावे केव्हा, असे म्हणून ते लगबगीने जिना उतरून गेले.

पुढच्या सकाळी चिमणीच्या हाकेने घर जागे झाले. तोबरू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ताठ पडला होता. डोळे मिटलेले, अंग थंडगार. आत्याने त्याला हलवून पाहिले आणि मान हलवली. चिमणीला जवळ घेत ती हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, त्याच्या झोपेशी खेळू नका म्हणून."

फौजदारने खिडकीवरच्या काळ्या कापडाकडे पाहिले. पडदा तिचा, बेत तिचा, हुकूमही तिचाच. आपण त्याचा जीव घेतला, या एका विचारापुढे तिला दुसरे काही सुचेना. आयुष्यात प्रथमच तिच्या तोंडून कोणालाही आज्ञा निघाली नाही.

काका खालून फुलांची एक छोटी पेटी घेऊन आले. आत मऊ कागद अंथरलेला होता. कुंपणाजवळ जागा चांगली आहे, लगेच पुरून येऊ, म्हणजे पोरीला फार वेळ बघावे लागणार नाही, असे ते म्हणाले. बोलताना त्यांनी कोणाच्याच डोळ्याला डोळा भिडवला नाही.

तोबरूला पेटीत ठेवण्यासाठी फौजदारने पिंजरा जवळ ओढला आणि तिची बोटे ओली झाली. सळ्यांवर पाण्याचे बारीक थेंब होते. फ्रिजमधून काढलेल्या पेल्यासारखी बाटली बाहेरून घामेजली होती. खोलीत तर इतके उकडत होते की पंखा गरगर फिरत होता.

तिने भावाला पिंजऱ्याला हात लावायला सांगितले.

"बर्फ आहे नुसता," तो म्हणाला. "पण रात्रभर हा इथेच होता ना?"

फौजदारने क्षणभर विचार केला. सरळ विचारले तर काका उडवून लावतील, हे तिने ओळखले. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काका, थंड खोलीत ठेवलेली फुलं मरत कशी नाहीत हो?"

धंद्याची गोष्ट निघाली की काका बाकी सगळे विसरत. "मरतील कशाला? उलट टिकतात. गारव्यात कळी झोपून राहते आणि बाहेर काढली की सावकाश उमलते."

"एवढ्याशा प्राण्याचंही तसंच होत असेल?"

"तेच तर मला वाटलं. म्हणून तर रात्री..."

काका थांबले, पण उशीर झाला होता.

"म्हणून रात्री काय?" आत्याने विचारले. हा आवाज ऐकून गिऱ्हाईकसुद्धा घासाघीस सोडून देत असे.

काकांनी सगळे सांगून टाकले. चाकाच्या कुरकुरीने वैतागून गेले काही दिवस ते रोज रात्री पिंजरा खाली गुच्छांच्या खोलीत नेत. पहाटे तिथले मोठे दिवे लावून काम उरकत आणि मुले उठण्याआधी पिंजरा वर आणून ठेवीत. काल मोठी ऑर्डर होती, सगळी टेबले भरली होती. फुले जिथे ताजीतवानी राहतात, तिथे हाही मजेत राहील, अशा समजुतीने त्यांनी पिंजरा थंड खोलीत ठेवला.

म्हणजे तोबरूची झोपेची वेळ बिघडवली होती त्या मोठ्या दिव्यांनी आणि त्याला असे केले होते त्या थंडीने. फौजदारच्या छातीवरचा दगड अर्धा हलला. उरलेला अर्धा अजून त्या मऊ कागदाशेजारी ताठ पडला होता.

"भांडण नंतर करा," ती म्हणाली. "आत्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव. काका, ती पेटी बाजूला घ्या. अजून कोणी कोणाला पुरत नाहीये."

आणि दोन्ही मोठ्या माणसांनी निमूटपणे ऐकले.

डॉक्टरीणबाई शेजारच्याच गल्लीत राहत. फोनवर त्यांनी बजावले: हातांची ऊब द्या, भाजून काढू नका, मी निघालेच. शंकासुर गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आला होता, त्याला फौजदारने नजरेनेच परत पाठवले. तोबरूला ओंजळीत घेऊन तिने त्याला छातीशी धरले. चिमणीने आपले इवले तळवे तिच्या हातांवर ठेवले. काका भिंतीला टेकून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे उभे होते.

बराच वेळ काहीच झाले नाही. मग फौजदारच्या तळव्याला काहीतरी लागले, मिशीचा एक केस हलावा इतकेच. भास असेल, असे तिला वाटले. पुन्हा तसेच झाले.

"चिमणे, बघ," ती पुटपुटली. "मिशा हलताहेत."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा तोबरूचे पोट हळूहळू वरखाली होत होते. त्यांनी त्याला तपासले, पाण्याचा थेंब चाटवला आणि हसल्या. थंडीत असले लहान जीव इतक्या गाढ गुंगीत जातात की श्वासही दिसत नाही आणि माणसे फसतात, असे त्यांनी समजावले. मग त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "ही पोरगी नसती, तर तुम्ही आज जिवंत प्राणी पुरला असता."

काका मटकन खुर्चीत बसले. आत्या रागावणार होती, पण हसू आणि रडू एकदमच आल्याने रागवायचे राहूनच गेले. तिने फौजदारला जवळ ओढले. "मघाशी तुला उगाच बोलले गं. तुझा बेत बरोबर होता, चूक आमच्या घरातल्या मोठ्या माणसाची होती," ती म्हणाली. काकांनीही मान डोलावली आणि असा तपास आपल्याला सात जन्मांत जमला नसता, असे कबूल केले. शंकासुराला यावरही शंका होती, पण आत्याने त्याला ती बोलू दिली नाही.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून काही दिवस तोबरूला नुसती विश्रांती मिळाली. काकांनी स्वतः जाऊन आवाज न करणारे चाक आणले आणि पिंजरा आपल्या झोपण्याच्या खोलीपासून दूर, मुलांच्या खोलीत ठेवला. मग पडदा पुन्हा रोज जरासा आधी पडू लागला.

सुट्टी संपत आली तेव्हा एका संध्याकाळी बाहेर उजेड असतानाच भुसा हलला. तोबरूने नाक बाहेर काढले, आळस दिला आणि थेट चिमणीच्या तळहातावरचा दाणा उचलून गालात कोंबला. काका दारातून मोठ्याने काही विचारीत आत येत होते.

चिमणीने ओठांवर बोट ठेवले. "बाबा, हळू बोला," ती कुजबुजली. "त्याची सकाळ झाली आहे."