तळघरावरची होडी

रेनो हाकालाला त्या संध्याकाळी काम होतं ते एवढंच. डेल्मरची होडी पूर्वेच्या काठावरून सोडवायची आणि तळं ओलांडून आपल्या शेडमध्ये आणून ठेवायची. पाण्यावर बर्फ धरायच्या आत. बस्स. मला हे त्यानंच सांगितलं, आणि रेनो काही गोष्टी रचणारा माणूस नव्हे. त्याला साधा विनोद धड सांगता येत नाही, शेवट आधी सांगून टाकतो. तेव्हा मी ऐकलं तसं सांगतो, पोरांनो. मध्ये घाई करू नका. आणि ब्रिन, ते दार नीट लाव गं.

गेल्या ऑक्टोबरची अठ्ठावीस तारीख. मंगळवार. दुपारी थोडं हिम भुरभुरलं होतं, संध्याकाळी वारा पार पडला. तळं तेलासारखं शांत.

रेनो आणि डेल्मर कुबियाक. पाहुण्यांना होडीत घालून मस्की मासे धरायला नेणारी अशी जोडी या तळ्यावर पुन्हा व्हायची नाही. मस्की तुम्ही पाहिलाय, बाहेरून लांडगा आणि आतून काचेचं भांडं. लढतो असा, की माणसाचे खांदे निखळतील. पण हयगयीनं हाताळलात, की संपला. म्हणून रेनोची एक पद्धत होती. मासा जाळ्यात, पण जाळं पाण्यातच. गळ निघत नसेल तर गळ तोडायचा, मासा फाडायचा नाही. फोटो हवा असेल तर आपला श्वास रोखून धरायचा, आपल्याला धाप लागली म्हणजे त्यालाही लागली. आणि मग शेपटीच्या मुळाशी मूठ आवळून, पोट खाली ठेवून, पाण्यात त्याला धरून बसायचं. तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत.

"आपण नाही सोडायचं," रेनो पाहुण्यांना सांगायचा. "तो आपला सोडवून घेईल."

पाहुण्यांची बोटं निळी पडायची. डेल्मर मागं सुकाणूवर बसून हसायचा. "बघा साहेब, याच्याशी कुणी लग्न केलं असतं तर बिचारीला सुटकाच नव्हती."

"म्हणून तर कुणी केलं नाही," रेनो म्हणायचा. दर वेळी तेच बोलणं, आणि दर वेळी दोघं हसायचे.

दुसरा नियम तळघराचा. तळ्याच्या मधोमध जमीन एकदम खाली जाते ना, ती जागा. थंडी सुरू झाली की बारीक मासळी तिथं उतरते आणि तिच्या मागं मोठाले मस्की. तिथं गळ टाकला की हमखास लागणार. पण तेवढ्या खोलातून मासा वर ओढला, की त्याच्या पोटातली हवा फुगते. तुम्ही सोडता, तो पोहत जातो, तुम्ही टाळ्या वाजवता. आणि अंधार पडल्यावर कुठंतरी पोट वर करून तरंगायला लागतो. म्हणून या दोघांनी तरुणपणीच हातावर हात मारला होता. तळघरावर गळ टाकायचा नाही. मासा आपण होऊन उथळात येईल तेव्हा येईल, नाही आला तर पाहुण्यांना कॉफी पाजून घरी पाठवायचं.

आता अलीकडं दर शरदात काठाला मेलेले मस्की लागायला लागले. फुगलेले, डोळे बाहेर आलेले. रेनो आणि डेल्मर फावडी घेऊन जायचे आणि पुरायचे. डेल्मर शिव्या घालायचा. "शहरातून येतात हरामखोर! एकदा सापडू दे मला कुणीतरी तिथं." रेनो सांगत होता, "माझ्यापेक्षा भरभर खणायचा रे तो."

मग सप्टेंबरात डेल्मरची होडी सापडली. तळघरावर, रिकामी, इंजिन चालू, गोल गोल फिरत. डेल्मर सापडलाच नाही. तिथलं पाणी इतकं गार, की घेतलेलं माणूस वर येत नाही. चर्चमध्ये रेनो उभा राहिला आणि म्हणाला, "माझा दोस्त राखणीला गेला होता. माशांसाठी गेला." सगळे रडले. मीही रडलो.

तर त्या मंगळवारी रेनो डेल्मरच्या घरी पोचला तेव्हा त्याच्या बायकोनं, व्हर्नानं, किमा-बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमधून काढून ठेवला होता.

"खाऊन जा दोन घास."

"अंधार पडतोय, व्हर्ना."

"अंधाराला तू कधीपासून भ्यायला लागलास? बस."

बसला बापडा. व्हर्ना समोर बसून त्याला खाताना बघत राहिली. मग म्हणाली, "निदान आवडीच्या जागी गेला. तेवढंच समाधान."

"कुठल्या जागी?"

"तळघरावर, दुसरं कुठं? पानं पिवळी पडली की त्याचा पाय घरात ठरायचा नाही, पाहुणे घेऊन तिथंच गळ टाकायला जायचा. मी म्हणायचे, अरे, रेनोला काय वाटेल? तर म्हणायचा, रेनोनंच तर सांगितलंय. पाहुण्यांनासुद्धा तेच सांगायचा. रेनो हाकाला चालतं म्हणतो, म्हणजे चालतं. मग कोण कशाला शंका घेतंय?"

रेनोचा काटा ताटातच राहिला.

"तूच सांगितलं होतंस ना, रेनो?"

तिचा चेहरा बघितला त्यानं. महिन्यात दहा वर्षांनी म्हातारी झालेली बाई.

"हो," रेनो म्हणाला. "मीच."

उरलेलं सगळं ताट त्यानं खाल्लं. चव लागली नाही, पण खाल्लं. मग होडी सोडवली आणि निघाला.

तळघर टाळून काठाकाठानं जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. पुरलेला एकेक मासा आठवत होता. आपण फावडं मारतोय, आणि शेजारी तो फावडं मारतोय. ज्यानं मारले तोच. चर्चमधलं आपलंच बोलणं कानात वाजत होतं. हाताखाली होडी सरळ चालली होती. ढगाआड अर्धा चंद्र होता, उजेड असून नसल्यासारखा.

मधोमध इंजिन बंद पडलं.

टाकीत तेल होतं. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. नाही.

कुठं आलोय, ते त्याला बघायची गरज नव्हती.

मग होडीच्या उजव्या अंगाला पाण्यात काहीतरी पांढरं दिसलं. पोट. मोठा मस्की, टम्म फुगलेला, कल्ले अगदी हळू हलत होते. जिवंत होता. रेनोनं हातमोजा काढला, वाकला आणि शेपटीच्या मुळाशी मूठ आवळली. सवयीनं. पोट खाली केलं आणि धरून बसला. निदान हा एक तरी जगू दे, असं वाटलं त्याला. एवढे गेले. एक तरी...

होडी मागच्या बाजूला दबली.

कुणी सुकाणूपाशी बसलं की दबते, तशी.

रेनोनं मान वळवली नाही.

"सोड की रे," मागून आवाज आला. हसरा. रोजचा. "पोहतोय तो."

रेनो माशावर वाकलेलाच.

"झालं की. पोहतोय... सोड."

रेनोनं मूठ आणखी घट्ट केली. पाणी मनगटापर्यंत होतं. बोटं बधिर झाली होती. पण बधिर बोटांनासुद्धा कळतं, हातात काय आहे ते. आधी खवलं होती. मग नव्हती. गुळगुळीत लागलं. मग हाड लागलं. दोन हाडं, शेजारी शेजारी.

माशाला तिथं अशी दोन हाडं नसतात. माणसाच्या मनगटाला असतात.

आणि त्यानं धरलेल्या त्या वस्तूनं... त्याला धरलं.

"रेनो..." आता आवाज मागून नव्हता. खालून होता. "धर."

पाण्यात काहीच दिसत नव्हतं. काळं.

"किती वेळ धरलं त्यानं?" असं विचारणार होतीस ना, ब्रिन? मीही विचारलं होतं. त्याला ठाऊक नाही. चंद्र मावळला, एवढं म्हणाला. गुडघे होडीच्या लाकडाला गोठले. तरी धरून होता. वाट बघत होता. ज्यात जीव असतो ते झटका देतं. हे देत नव्हतं. नुसतं लटकून होतं. जड.

मग रेनो बोलला. त्या रात्री पहिल्यांदाच.

"मेलेले मासे माझ्याबरोबर पुरलेस तू."

...

"माझं नाव का घातलंस त्यात, डेल्मर? दुसरं कुणाचंही घालायचं. माझं का?"

...

पाणी हललं नाही.

"एक शब्द बोल," रेनो म्हणाला. "चुकलो म्हण. सकाळपर्यंत धरून बसतो. तुला माहितीय, मी बसेन."

तो थांबला. खरंच थांबला होता, असं मला म्हणाला, आणि हे सांगताना रडला तो. त्याला वाटत होतं, येईल शब्द. इतक्या वर्षांचा माणूस. एक शब्द येईल.

खालून काही आलं नाही.

मागून हसू आलं. हलकं.

"सोड रे. पोहेल."

आणि रेनो हाकालानं मूठ उघडली.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपण होऊन सोडलं. त्या बोटांनी त्याची बोटं धरून ठेवायचा प्रयत्न केला... एकेक करून निसटली. शेवटी करंगळी.

पोहलं नाही ते. सरळ खाली गेलं.

होडी मागून हलकी झाली. इंजिन पहिल्याच दोरीला सुरू झालं. रेनो घरी आला, होडी शेडमध्ये ओढली, दार लावलं. व्हर्नाला त्यानं आजपर्यंत काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही. लोक अजून म्हणतात, रेनो चालतं म्हणाला होता. तो ऐकून घेतो.

जानेवारीत, तो कडाका पडला होता तेव्हा, मी त्याच्या शेडमध्ये गेलो होतो. बादलीतलं पाणी तळापर्यंत दगड झालेलं. होडी सगळी पांढरीशुभ्र, दंवानं मढलेली. फक्त उजव्या कडेवर एका जागी दंव धरलं नव्हतं. चार बोटं आतल्या बाजूला, अंगठा बाहेरच्या. पाण्यातून कुणी कड पकडावी, तशी.

रेनोनं फडकं घेऊन पुसलं. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.

लाकडातून पाणी पुन्हा वर आलं. मी बोट लावून पाहिलं. गार होतं, ओलं होतं, आणि थेंब खाली पडत होता.