दुसऱ्यांदा निवडलेले काजू

यंत्र एकदाही चुकत नव्हते, तरी कारखान्यातले रोजचे काम घटून निम्मे झाले होते. हे कोडे मृणालला सुटत नव्हते.

साल २०४३. मृणालची आई शर्वरी ही कुडाळजवळच्या एका काजू कारखान्याची प्रमुख. नुकताच तिने काजूगर निवडणारा यंत्रमानव आणला होता. अख्खा गर एका ताटात, तुकडा दुसऱ्यात, डागाळलेला तिसऱ्यात. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांनी त्याचे नाव ठेवले निवडक्या. पूर्वी हे काम त्या हाताने करत. आता ताटातले गर फक्त डब्यांत भरायचे होते. पण त्या प्रत्येक ताट टेबलावर ओतत आणि पुन्हा पहिल्यापासून निवडत.

शनिवारी एका मोठ्या मागणीचा माल बंदरावर पोचायचा होता. ती वेळ हुकली तर कारखाना बंद करावा लागणार होता.

आईला वाटले, बायकांचा यंत्रावर विश्वास नाही. तिने भिंतीवर यंत्राच्या चुका दाखवणारा संगणकाचा पडदा लावला. 'आजच्या चुका : शून्य'. त्या दिवसापासून बायका आणखी बारकाईने निवडू लागल्या.

मृणालने निवडक्यालाच विचारले. त्याला संवेदक (आजूबाजूचे बदल टिपणारे भाग) होते.

"सगळ्या आनंदात आहेत," तो म्हणाला. "प्रमुख आत आल्या की सगळे चेहरे हसतात."

"आणि ती गेल्यावर?"

"माना खाली असतात. मला फक्त केस दिसतात."

संध्याकाळी मृणाल आजोबांकडे गेली. ते मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. आजी गेल्यापासून स्वतःच स्वयंपाक करत.

"मेंदूत बदामाच्या आकाराचा एक लहान भाग असतो," ते आमटी ढवळत म्हणाले. "धोका वाटला की आपण विचार करण्याआधीच तो घंटा वाजवतो. घंटा कशाची, हे मात्र तो सांगत नाही. ते आपण शोधायचे."

"नाही शोधले तर?"

"तर भलतेच नाव पडते. तुझी आजी गेली तेव्हा मी सगळ्यांवर चिडायचो. दूधवाल्यावरसुद्धा. तो राग नव्हता. रिकाम्या घरात परत यायची भीती होती. मला ते उशिरा कळले." त्यांनी गॅस बंद केला. "तुझ्या आईने बायकांच्या भावनेला नाव दिले, पण त्यांना न विचारता."

दुसऱ्या दिवशी मृणाल सर्वांत वयस्कर सुलभाकाकींच्या शेजारी बसली.

"काकी, निवडक्या चुकतो का?"

"नाय गो."

"मग परत कशाला निवडता?"

काकींनी हात थांबवला नाही. "एक तरी चूक गावता काय बघतंव. ह्यो चुकणा नाय, मगे आमका कित्याक ठेवतले?"

यंत्र चुकतच नसेल तर आपल्याला कामावर कशाला ठेवतील, ही काकींची भीती मृणालने आईला सांगितली. आईने पडद्याकडे पाहिले. "म्हणजे मी रोज त्यांची भीतीच भिंतीवर लावत होते."

तिने पडदा उतरवला आणि टेबलाशी स्टूल ओढून बसली. प्रमुख आल्या म्हणून सगळ्या नेहमीसारख्या हसल्या.

"हसू नका," ती म्हणाली. "कारखाना बंद पडेल म्हणून मीही घाबरले आहे. निवडीचे काम जाणार, हे खरे. या हंगामात कोणाला काढणार नाही, हे वचन. पुढच्या हंगामाचे मला आज माहीत नाही. ते ठरवताना तुमच्यातल्या दोघी माझ्याबरोबर असतील."

"यंत्र आणताना इचारूक नाय, आता बसूक बोलयतास," काकी म्हणाल्या.

"हो. विचारायला हवे होते."

यालाच भावनिक बुद्धिमत्ता (स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखून शहाणपणाने वागण्याची क्षमता) म्हणतात. बदल घडवून आणणाऱ्या प्रमुखाला ती यंत्राच्या माहितीइतकीच लागते.

"पण भीती गेली का?" मृणालने आजोबांना फोनवर विचारले.

"नाही. पण आता ती बोलून दाखवता येते. मग तिच्यावर काही उपाय करता येतो."

दुपारी निवडक्याचे ताट आले. काकींनी ते ओतायला तिरके केले, क्षणभर धरले, आणि सरळ करून डबे भरणाऱ्या बाईकडे दिले. मग बाकीच्यांनीही तसेच केले.

शनिवारी ट्रक बंदराकडे निघाला.

सोमवारी काकी आणि आणखी एक बाई आईच्या खोलीत खुर्च्यांवर बसल्या.

"तर मगे, फुडल्या हंगामाक नवा काय आणतलात?" काकींनी विचारले.

"अजून काहीच ठरवलेले नाही," आई म्हणाली. "तुम्ही सांगा, सुरुवात कुठून करू या?"