म्हाळूची चाल

मांजरा नदीच्या उतारावर आमची मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली, तिथंच माझ्या जन्माचा गुंता झाला.

पाणी गुडघाभर. भिजल्या लोकरीचा वास, अन् सगळीकडं नुसती बें-बें. चुलता, रामहरी, पाण्यात कपाळाला हात लावून उभा. मी पदर खोचला, मेंढरं बोलवायला बापाची चाल गुणगुणणार — तेवढ्यात तीच चाल पलीकडून वाजली. पाव्यावर.

बाप प्लेगात जाऊन दोन वर्षं झाली होती. काठावर मात्र एक उंचेला गडी उभा होता, ओठाशी पावा, खांद्यावर घोंगडी. दोन्ही कळप त्याच्याकडं चालले होते.

"ही चाल कुठून चोरलीस?"

"चोरली? आज्यापासून आमच्या वाड्याची हाय." तो हसला. "चोर तर तूच दिसतीस… डोळ्यांवरून."

"आमची मेंढरं सोड."

"मी कुठं धरली? तीच येत्यात. मालकिणीला यायचं का, ते तिनं सांगावं."

मी पाणी उडवलं त्याच्या अंगावर. चुलत्यानं सगळं ऐकलं. हसला नाही.

त्याचं नाव सुग्रीव. त्या श्रावणात दोघांचे वाडे, मेंढरांचे तळ, पाटोद्याच्या माळावर जवळजवळच बसले. तो वाजवायचा, मी चुका काढायची.

"हितं थांब. बाप हितं थांबायचा."

"कावून?"

मग मी सांगितलं… चाल मुळात आईची. पहाटे ती दळायची, ओवी म्हणायची. ओवीच्या मध्येच ती जात्यात घास टाकायला थांबे. बाप अंथरुणात पडून ऐके. त्यानं ती ओवी पाव्यावर घेतली, आईच्या थांबण्यासकट. बाप गेला तशी आई मुक्यानं दळू लागली. चाल उरली ती माझ्या गळ्यात.

दळण दळीते गं, पीठ पडं झुळूझुळू
चाल राखून ठेविते, बाप माझा गं म्हाळू

सुग्रीव पाव्यावरची माती नखानं खरवडत राहिला. "खरं सांगू? चौसाळ्याच्या बाजारात तुज्या बापाकडूनच ऐकली. लई आवडली. त्या दिवशी तुला चिडवायला आज्याचं नाव घेतलं."

"मग वापस कर."

"करतो. पर ज्या घरची चाल, त्या घरची पोरगी मला पायजे…"

मी त्याच्या घोंगडीची सुटलेली दशी तेवढी बांधून दिली. त्याला कळलं.

सोयरिकीला लिंबाखाली माणसं बसली. आमच्यात मेंढरं बोलवायची चाल बापाकडून लेकाकडं जाते. दोन वाड्यांची चाल एक, तर रक्त एक. तिथं लग्न होत नाही. चुलत्यानं मांजरेवरचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं.

"मी थट्टेनं बोललो," सुग्रीव म्हणाला.

"थट्टेत आज्याला वढतो का बे कुणी?" जमातीचा न्याय करणारा बंकट कारभारी म्हणाला. "वाजीव."

त्यानं वाजवलं. दोन्हीकडची मेंढरं माना वर करून निघाली.

"माणूस खोटं बोलंल. जित्राब न्हाई बोलत. ही भावकी हाय. पोरगी तुजी बहीण लागती."

बहीण. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला, कुणी उचलला नाही.

जाताना सुग्रीव एवढंच म्हणाला, "सारजे, एक वरीस थांब. मेंढरांना दुसरी चाल शिकवतो. मग काय म्हणतील ते?"

मी थांबले. पण थांबणं माझ्या एकटीच्या हातात कुठं होतं? वैशाखात आई आजारली, चुलत्यानं घाई केली. वडवणीच्या गहिनीनाथाच्या घरी मला दिलं. माणूस वाईट नव्हता. तेवढंच.

श्रावण लागला. ओढ्यावर धुणं बडवत होते, तोच पावा वाजला. अनोळखी चाल… सरळ, कोरडी, मध्ये कुठंच न थांबणारी. कळप वळणावर आला, मागून तो. दाढी वाढलेली.

"जमलं," तो लांबूनच म्हणाला. "लई दमवलं मेंढरांनी. जुन्या चालीला एकबी येत न्हाई आता. पाटोद्याला निगालोय, बंकट का—"

मी धुणं पिळायला हात वर केला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळल्या.

तो माझ्या गळ्याकडं बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "बऱ्या हाव का तुमी?"

तुमी. आयुष्यात कुणी मला एवढं परकं केलं नव्हतं.

"जुनी वाजीव ना… एकडाव."

"ती तुमच्या घरची. वापस केली मी." अन् त्या कोरड्या चालीवर कळप ओढा उतरून गेला. एक मेंढरूही मागं वळलं नाही.

आता सून येऊन माझ्यासमोर जात्याला बसते. बापाचा, आईचा, दोघांचा आवाज माझ्या गळ्यात खरखरतो.

मांजरेच्या पाण्यामंदी कळप झाले एक
कुणी चाल विसरला गं, तो म्हाळूचा ना लेक
सरळ चाल घेऊन ओढा कोण उतरला
चाल ठेवून माझ्या दारी…

"आत्याबाई, रोज हितंच कावून थांबता?"

"घास टाकायला, बाई," मी म्हणते. अन् त्याचं नाव यायच्या जागी मूठभर ज्वारी सोडते.