डोळे मीट, बोट ठेव

क्रांती, दिवा जरा इकडं सरकव. लाईट काय आता तासभर येत नाही, तोवर उद्याच्या कुष्ठरोग मोहिमेची तयारी करू. फॉर्म घेतलेस? पेन दोन घे, एक ऐन वेळी हमखास रुसतं. आणि चट्टा तपासायचा कसा ते मी दाखवते. नव्या आशा सेविकांच्या शिबिरात मॅडमनी सांगितलं तेव्हा तुझं लक्ष मोबाईलमध्ये होतं, मी बघत होते.

हात पुढं कर. हे बघ, पेनाचं टोक टेकवलं. कळलं ना? तुला वाटतंय, हाताला कळलं. हाताला काय डोंबल कळतंय! हात नुसता सांगावा धाडतो. कातडीखाली बारीक नसा असतात, त्या सांगावा घेऊन मनगटातनं कोपराच्या मागनं वर, दंडातनं मानेत, तिथनं मेंदूत. लागलं म्हणून कळतं ते तिथं. कुठं लागलं तेही तिथंच ठरतं. सगळं इतकं चटकन होतं की मधली वाट आपल्या ध्यानातच येत नाही. कुष्ठरोगात ही वाट तुटते. हात धडधाकट, मेंदू धडधाकट, पण सांगावा पोचतच नाही. मग निखारा पडला तरी बाई भाकरी थापत बसते.

म्हणून चट्टा दिसला की म्हणायचं, डोळे मिटा आणि टेकेल तिथं बोट ठेवा. डोळे मिटलेच पाहिजेत. एवढी एकच गोष्ट माझ्याकडनं शीक. बाकी आशा म्हणून बारा वर्षं काढली मी, पण माझ्याकडनं शिकावं असं फार काही नाही.

अशी काय बघतेस? खरंच सांगते. बस, ऐक.

माळावरचं शेवटचं घर आहे ना, धुळाचं, त्या मेंढरंवाल्यांचं, तिथं तीन वर्षांमागं मी याच कामाला गेले होते. धुळाची बायको अंजना. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलायला बसली की माझी आजीच. सदा मिशरी लावायची आणि दातावर बोट ठेवूनच बोलायची. मी म्हणायचे, अगं बाई, आधी थुंक, मग बोल. मग ती खो खो हसायची. त्या दिवशी मात्र हसली नाही. दार लोटलं आणि बाही वर केली. डाव्या मनगटापासून करंगळीच्या अंगाला फिकट चट्टा, विड्याच्या पानाएवढा.

"डोळे मीट," मी म्हटलं.

"मिटती आक्का, पर लिवू नगा. पूजाचं लगीन ठरलंय."

पूजा म्हणजे तिची नणंद. वैशाखातला मुहूर्त धरला होता.

"अगं, गोळ्या फुकट मिळत्यात. पार बरं हुतंय."

"बरं हुतंय व्हय, पर तवर लगीन मोडतंय. आवं, लोकं काय बोलत्यात तुमास्नी ठावं न्हाई का?" असं म्हणून तिनं माझा हात धरला आणि शेजारी खेळत बसलेल्या आपल्या पोरीच्या, सोनियाच्या, डोक्यावर ठेवला. "शप्पत घ्या. माझ्या घरातल्या कुनाचंबी लिवनार न्हाई म्हना."

मी घेतली गं शप्पत. आणि वर काय शहाणपणा केला, ऐक. तपासणी केली, अगदी रीतसर. फक्त तिचे डोळे उघडे ठेवले. मी पेन टेकवायचे, ती बघायची आणि बरोबर तिथं बोट ठेवायची. एकदाही चुकली नाही. मी फॉर्मवर लिहिलं, संवेदना ठीक. मनाला समजावलं, लग्न उरकलं की हिला गुपचूप दवाखान्यात नेऊ.

लग्न झालं. मग ती माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेली. पाऊसकाळात परत आली तेव्हा बाजारात भेटली अंजना. पिशवी धरलेल्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं झालेलं. मी बघितलं, क्रांती. नजर फिरवली नाही, चांगलं बघितलं. म्हटलं, "पुढच्या आठवड्यात जाऊया." का पुढच्या आठवड्यात? तर माझ्या घरी रंगकाम काढलं होतं. रंगकाम!

तो आठवडा आलाच नाही. ती गंजीतनं कडबा उपसत होती, आणि आत घोणस होती. त्याच करंगळीला चावली. माझं माहेर शिराळ्याचं, सापांची गोष्ट मला नको सांगायला कुणी. घोणस चावली की इतकी आग होते की माणूस गाव गोळा करतं. अंजनाला काही कळलंच नाही. रक्त दिसलं तर म्हटली, धाट लागलं. चिंधी बांधली आणि बारा भाकरी केल्या. हात सुजत चालला, तरी दुखत नाही म्हणून हिंडत राहिली. दिवस मावळताना हिरड्यांतनं रक्त यायला लागलं तेव्हा कुठं धुळानं गाडी बघितली. वाटेतच गेली. नुसती कळ आली असती ना, तर सकाळीच दवाखान्यात पोचली असती. सापाला कशाला बोल लावू मी? संवेदना ठीक, हे अक्षर माझं होतं.

गेल्या वर्षी मोहीम आली तशी मी परत त्या घरी गेले. भर दुपार. ऊन असं की पत्रा टकटक वाजत होता. धुळा दारातच म्हणाला, "आक्का, पोरीचं बगा जरा. हाताला भाजलंय, आन् कवा भाजलं ते तिचं तिलाच म्हाईत न्हाई." एवढं बोलून तो मेंढरांना पाणी दाखवायला गेला.

सोनिया दहा वर्षांची झालेली. तोंडवळा आईचाच. तिनं बाही वर केली. डावा हात. करंगळीच्या अंगाला फिकट चट्टा. मधोमध भाजल्याचा फोड.

मी तिला भिंतीशी बसवलं. या खेपेला कसर नको म्हणून तिच्याच ओढणीनं डोळे घट्ट बांधले. आधी चांगल्या जागी पेन टेकवलं. तिनं बरोबर बोट ठेवलं. मग चट्ट्यावर टेकवलं.

तिनं बरोबर बोट ठेवलं.

परत टेकवलं, फोडाच्या कडेला. परत बरोबर. मनगटापाशी, बरोबर. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, सुटले. पण मग फोडाचं काय? भाजलेलं कळत नाही आणि पेनाचं टोक कळतं? मी पेन उचललं आणि तिच्या करंगळीवर नुसतं हवेत धरलं. टेकवलं नव्हतं अजून. तिचं बोट आलं आणि नेमकं त्या जागी बसलं.

तेव्हा वास आला. मिशरीचा. खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि आमच्यातली कुणी मिशरी लावत नाही.

"सोनिया... ओढणीतनं दिसतंय का गं तुला?"

"न्हाई."

"मग पेन टेकल्यालं कळतंय?"

"न्हाई कळत."

"मग बोट कसं ठेवतीस?"

"मी न्हाई ठेवत, आक्का..." पोरगी अगदी हळू बोलली. "धरून न्हेतंय. आई पाटीवर गिरवून घ्यायची तवा धरायची... तसं."

पळून जावंसं वाटलं मला. ठीक म्हणून लिहायचं आणि सुटायचं. पेन हातात होतंच, आणि एकदा लिहिलेलं दुसऱ्यांदा लिहायला काय लागतं? शिवाय ती शप्पत. शिकलेली असले तरी हात मी याच पोरीच्या डोक्यावर ठेवला होता, तिला काही झालं तर? पण मग ती वाकडी झालेली करंगळी डोळ्यांपुढं आली. मेली तरी बाई ती शप्पत पाळत बसली होती, घरातल्या कुणाचं लिहू द्यायचं नाही म्हणून. माझ्यासारखी नव्हती ती.

मी रिकाम्या जागेकडं बघून बोलले.

"अंजना... पूजाचं लगीन झालं गं. पदरात लेकरू हाय तिच्या. आता कुनाचं काय मोडत न्हाई. मी चुकले. डोळे मिटायला लावायचे हुते तुला... आता शप्पत मी मोडती. काय व्हायचं ते मला हुदे. पोरीचं बोट सोड."

पत्र्याची टकटक थांबली. सोनियाचं बोट हवेतच राहिलं, आणि सावकाश मांडीवर आलं.

मी चट्ट्यावर पेन टेकवलं. "कळलं?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई." आणि पोरीनं हंबरडा फोडला. "आक्का, आई गेली... तिला सांगा की, पुन्ना धर म्हनावं..."

तिला पोटाशी धरलं आणि तसंच एका हातानं लिहिलं. संवेदना नाही. दुसऱ्या आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या. आता तिचं चांगलं चाललंय, बोटं सरळ आहेत, शाळेत खो-खो खेळते. तिला बघितलं की बरं वाटतं आणि लगेच अंजना आठवते. तिलाही एवढ्याच गोळ्या लागल्या असत्या.

असू दे. रडू नकोस तू. चल, सराव करू. धर पेन. हा माझा डावा हात. तू टेकव, मी डोळे मिटून ओळखते.

हं, मिटले.

...टेकव की गं. घाबरतेस काय, मला काय होतंय?

काय? टेकवलंस? कधी?

बरोबर म्हणतेस? काय बरोबर?

...थांब. डोळे उघडत नाही मी. तूच सांग, माझ्या उजव्या हाताचं बोट कुठं आहे? करंगळीवर? अगदी कडेला? आणि तू पेन तिथंच टेकवलंस... परत टेकव. दुसरीकडं.

आता? परत बरोबर?

क्रांती, तू मिशरी लावत नाहीस ना?

काही नाही. सहज विचारलं. अगं अंजना, मला कशाला गं... माझं कुणाचं लगीन राहिलंय आता...

क्रांती, फॉर्म घे. माझं नाव घाल वर. बोटाकडं बघू नकोस, ते किती का बरोबर जाईना. लिही, संवेदना नाही.